पाईप, बांबू आणि एक नकाशा

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरी, मागच्या पडवीत, कपडे वाळत घालायला एक लोखंडी पाईप आडवा टांगलेला आहे. वीस फूट लांब, पाऊण इंची, चांगला जाड. पाहुणे आले की ओला टॉवेल टाकता टाकता हमखास म्हणतात, "दांडी मोठी भक्कम आहे हो तुमची!" मी नुसती मान डोलावतो. ही दांडी मुळात दांडी म्हणून आणलेलीच नव्हती, हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो. कारण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी जे काही शिकलो आणि पुढे मुलांना शिकवले, त्याचा पहिला धडा मला त्या पाईपने दिला आहे.

गोष्ट १९७८ च्या मे महिन्यातली. इंजिनीअरिंगची पदवी घेऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागून मला जेमतेम वर्ष झाले होते. त्या वयात माणसाला जगात दुरुस्त करण्यासारखे फार काही दिसते. सुटीवर गावी गेलो तर अप्पाकाकांच्या बागेत आंब्याची उतरण चालू होती. आंबा काढायचा तो झेल्याने. लांब बांबूच्या टोकाला एक कडे, कड्याला जाळी आणि देठ कापायला पाते. आंबा जाळीत अलगद उतरायला हवा. खाली पडला तर वाया गेला, आणि देठ अगदी मुळाशी तुटून चीक सालीवर ओघळला तरी डाग पडून भाव उतरला. आमच्याकडे वीसेक वर्षे आंबे उतरवणारा एक गडी होता. तो मान वर करून, दोन्ही हातांनी तो बांबू असा काही फिरवायचा, की वाटावे, त्याच्या हाताचीच बोटे फांदीपर्यंत पोचली आहेत.

बांबू मात्र मला खटकला. कुठे भेगाळलेला, कुठे किड्याने पोखरलेला, दोन-तीन वर्षांनी बदलावा लागणारा. मी काकांना म्हटले, "अप्पा, हे काय जुनंपुराणं! पोलाद बांबूपेक्षा दहा-बारा पट ताठ असतं. एकदा पाईप घ्या, जन्मभर बघायला नको." काका हसले. म्हणाले, "तू शिकलेला. आण."

मी आणला. रत्नागिरीहून एस.टी.च्या टपावर टाकून आणला. घरच्या काट्यावर बांबू तीन किलोच्या आत भरला होता. पाईप भरला जवळजवळ नऊ किलो. मी म्हटले, होईल सवय. पहिल्या दिवशी गडी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खांदा चोळत म्हणाला, "भाऊ, हात भरून येतात ओ." शिवाय झेल्याचे टोक फांदीशी स्थिर राहीना. ते एकदा हलले की हलतच राही. आंबे पडू लागले.

आणि तिसऱ्या दिवशी ते झाले. बागेच्या कडेने विजेची तार गेली होती. कडेच्या कलमावर गडी झेला फिरवीत असता तो जड पाईप त्याच्या हातून कलला आणि थेट तारेवर जाऊन टेकला. 'ठण्ण' असा आवाज झाला. बस, तेवढेच. काका ओटीवरून उठून उभे राहिले. मी जागच्या जागी थिजलो. त्या दिवशी सकाळपासून गावात लाइट नव्हते, म्हणून नुसता आवाज झाला. पंधराएक मिनिटांनी माजघरातला पंखा आपोआप फिरू लागला, तेव्हा आम्ही तिघांनीही एकमेकांकडे पाहायचे टाळले.

संध्याकाळी काकांनी पाईप उचलून पडवीत नेला, दोन दोऱ्या बांधल्या आणि त्यावर आपले धोतर वाळत घातले. मला एवढेच म्हणाले, "पाईप वाईट नाही रे. तू त्याला काम चुकीचं दिलंस."

या वाक्याचा पुरता अर्थ कळायला मला पंधराएक वर्षे लागली. पुढे कारखाना सोडून मी एका कॉलेजात शिकवू लागलो होतो. तिथल्या ग्रंथालयात एके दिवशी केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल अ‍ॅशबी यांचे पुस्तक हाती आले. यंत्राच्या रचनेसाठी पदार्थ कसा निवडावा, हा त्याचा विषय. १९९२ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. पाने चाळता चाळता एका चित्रावर माझी नजर अडकली आणि मी तिथेच स्टुलावर बसलो.

ते चित्र म्हणजे एक नकाशाच होता. आडव्या रेघेवर पदार्थाची घनता, म्हणजे तेवढ्याच आकारमानात तो किती जड, आणि उभ्या रेघेवर त्याचा ताठपणा. ताठपणाच्या या मापाला 'यंगचा गुणांक' म्हणतात. पदार्थ ताणायला वा वाकवायला गेलो तर तो किती दाद देत नाही, त्याचा हा आकडा. पट्टीसुद्धा साधी नव्हती. तिच्यावरचे प्रत्येक पाऊल दहापटीचे, एक, दहा, शंभर, हजार असे. त्यामुळे लिबलिबीत फोमपासून हिऱ्यापर्यंत सगळी सृष्टी एका पानावर मावली होती. महाराष्ट्राच्या नकाशात तालुके दाखवावेत तसे एकेका पदार्थाचे लंबगोल फुगे, आणि त्यांचे मोठे मोठे जिल्हे. वर उजवीकडे धातूंचा जिल्हा, त्याच्या डाव्या अंगाला काचा आणि चिनी मातीच्या जातीचे पदार्थ, मध्यावर प्लॅस्टिके, पार खाली रबर, आणि डावीकडे हलक्या पदार्थांच्या भागात लाकूड. त्यात बांबूही आला.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? पोलाद ताठ आणि जड, लाकूड मऊ आणि हलके, हे तर कुणीही सांगेल. खरे आहे. पण माणसाला नेमके अडते ते पुढे. ताठ हवे आणि हलकेही हवे, तर दोन्ही गुणांची सांगड घालायची कशी? ताठपणाला घनतेने भागावे का? मी १९७८ साली तेसुद्धा केले नव्हते. आणि केले असते, तरी फसलोच असतो.

कसा ते पाहा. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०, बांबूचा ढोबळमानाने १५ ते २०. घनता पाण्याच्या तुलनेत मोजली तर पोलाद सुमारे ७.८५ पट, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट आणि वाळलेला बांबू ०.७ पट. भागाकार करून बघा. पोलाद २५-२६, अ‍ॅल्युमिनियम २६, बांबू २४-२५. तिघे जवळजवळ एकाच रांगेत! निसर्गाने जणू सगळ्यांना समान गुण देऊन टाकले आहेत. पदार्थाला नुसते ओढायचे असेल, दोर किंवा तणावा म्हणून वापरायचे असेल, तर हा भागाकार बरोबर आहे. तिथे तिघांत डावे-उजवे करायला फारशी जागा नाही.

पण झेल्याच्या काठीला कुणी ओढत नाही. ती वाकते. आणि वाकण्याचा हिशेब निराळा आहे. भरीव दांडा जाड करत गेलो की त्याचा ताठपणा नुसता त्या प्रमाणात वाढत नाही. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले तर ताठपणा चौपट होतो, तिप्पट केले तर नऊपट. पोलाद बांबूच्या बारापट ताठ आहे असे धरू. मग तितकाच ताठ बांबूचा दांडा करायला तो बारापट जाड करावा लागत नाही. बाराचे वर्गमूळ, म्हणजे साडेतीनपट क्षेत्रफळ पुरते. उलट पोलाद बांबूहून अकरापट जड. साडेतीनला अकराने भागा. तितक्याच ताठपणाच्या बांबूच्या काठीचे वजन पोलादी काठीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते!

म्हणून वाकणाऱ्या, हलक्या दांड्यासाठी पदार्थाची परीक्षा घ्यायची ती ताठपणाच्या वर्गमुळाला घनतेने भागून. अशा आकड्याला अ‍ॅशबी कामगिरीचा निर्देशांक म्हणतात. हा निर्देशांक पोलादाचा सुमारे १.८ येतो, अ‍ॅल्युमिनियमचा ३.१ आणि बांबूचा सहाच्या जवळ. नकाशावर तर आकडेमोडीचीही गरज नाही. या निर्देशांकाची एक ठरावीक उताराची तिरकी रेघ असते. पट्टी त्या उताराने ठेवायची आणि वर डावीकडे सरकवत न्यायची. एकेक पदार्थ रेघेच्या खाली पडत जातो. शेवटपर्यंत जे वर टिकतात, ते आपले उमेदवार. मी ग्रंथालयात पट्टी सरकवली. पोलाद लवकरच बुडाले, मग अ‍ॅल्युमिनियम गेले. बांबू आणि लाकूड वर राहिले, आणि त्यांच्या सोबतीला कार्बन तंतूंचे महागडे मिश्रण. काकांचा गडी ज्या काठीने आंबे काढत होता, ती अव्वल रांगेत होती.

चाणाक्ष वाचक इथे मला अडवतील. म्हणतील, पाईप काही भरीव नव्हता, पोकळ होता. पोकळीचा फायदा त्याला नको का द्यायला? अवश्य द्यावा. पण बांबूही पोकळच आहे. दोघांचा बाहेरचा व्यास सारखा ठेवला, तर पोलादी पाईपची भिंत बांबूच्या बाराव्या हिश्शाएवढी पातळ करावी लागेल. बांबूची भिंत सहा मिलिमीटर असेल तर पाईपची अर्धा मिलिमीटर, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या जातीची. असा पाईप वजनात बांबूची बरोबरी करीलही, पण फांदीवर एकदा आपटला की पोचा पडून तिथेच दुमडेल. बांबूची भिंत जाड, तिच्यातले चिवट तंतू बाहेरच्या अंगाला अधिक दाट, आणि ठरावीक अंतरावर पेरांचे पडदे. त्यामुळे तो सहसा चेपत नाही. शिवाय हाताशी जाड आणि टोकाला बारीक, म्हणजे वजन जिथे त्रास देते तिथेच ते कमी. माझ्या पाईपला यातले काहीच येत नव्हते.

एकदा हा नकाशा वाचता आला की जुन्या गोष्टींचे कोडे उलगडू लागते. दुसऱ्या महायुद्धातले 'मॉस्किटो' हे ब्रिटिश विमान घ्या. नोव्हेंबर १९४० मध्ये ते पहिल्यांदा उडाले. धातूच्या विमानांचे युग सुरू झालेले असताना डी हॅविलंड कंपनीने ते लाकडाचे केले. बाहेर-आत प्लायवुड आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड. युद्धात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई होती आणि सुतारकाम करणारे कुशल हात मोकळे होते, ही कारणे खरीच. पण ते नुसती अडचण भागवणारे विमान नव्हते. त्या काळच्या अत्यंत वेगवान विमानांत त्याची गणना झाली. विमानाचा पत्रा म्हणजे वाकणारी फळी. फळीची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून तिच्या निर्देशांकात वर्गमुळाच्या जागी घनमूळ येते. आणि घनमुळाच्या हिशेबात लाकूड दांड्यापेक्षाही मोठी आघाडी घेते. घरातल्या पुस्तकांच्या फळ्या लाकडाच्या असतात, त्यामागेही हेच गणित आहे.

पण म्हणून सगळीकडे लाकूड-बांबूच श्रेष्ठ, असे म्हणू लागलो तर तो माझ्या जुन्या चुकीचाच उलटा अवतार होईल. बांबूचीच गोष्ट सांगतो. काठीच्या आधाराने उंच उडी मारण्याच्या खेळात एके काळी बांबूच वापरत. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० साली बांबूच्या काठीने पंधरा फुटांची सीमा जगात प्रथम ओलांडली. नंतर धातूच्या काठ्या आल्या, आणि १९६० नंतरच्या दशकात काचतंतूंच्या काठ्यांनी सगळ्यांनाच बाजूला सारले. काचतंतूची काठी बांबूहून जड, मग ती का जिंकली? कारण इथे ताठ काठी नकोच आहे! खेळाडूच्या धावण्याचा सारा जोर काठीने वाकून पोटात साठवायचा आणि त्याला वर उचलताना परत द्यायचा. इथे विचारायचे ते हे, की न मोडता किती वाकेल आणि किती ऊर्जा साठवील. त्याचा निर्देशांक वेगळा. बळाचा वर्ग करायचा आणि त्याला ताठपणाने भागायचे. म्हणजे इथे अति ताठपणा चक्क उणा धरला जातो. दोन्ही ठिकाणी काठीच. प्रश्न बदलला आणि उत्तर बदलले.

स्वयंपाकघरात या. प्रेशर कुकर अ‍ॅल्युमिनियमचा नाही तर स्टीलचा का असतो? चिनी मातीच्या जातीतले कितीतरी पदार्थ धातूहून कठीण असतात, गंजत नाहीत, उष्णतेला भीत नाहीत. पण कुकरला नुसते बळ पुरत नाही. काही बिघडलेच, आतला दाब भलताच वाढला, तर भांड्याने फुटून ठिकऱ्या होण्याआधी फुगले पाहिजे. फुगवटा डोळ्यांना दिसतो. तडा सांगून येत नाही. म्हणून तिथे पाहायचा तो चिवटपणा आणि बळ यांचा भागाकार. ठिसूळ पदार्थ कितीही बळकट असोत, या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाद होतात. रोज कुकर लावणाऱ्या गृहिणीला हा निर्देशांक ठाऊक नसेल, पण ती ज्याच्या भरवशावर शेगडीशी उभी राहते, त्यात त्याचा वाटा आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की नकाशा हाती आला, पट्टी सरकवली, काम झाले. मलाही काही दिवस तसेच वाटले होते. मग त्याच पुस्तकातला आधीचा भाग नीट वाचला आणि ती दुपार, तो 'ठण्ण' आवाज पुन्हा कानात वाजला.

अ‍ॅशबी पट्टी हाती घेण्याआधी चार गोष्टी लिहून काढायला सांगतात. वस्तूचे काम काय? कोणत्या अटी मोडून चालणारच नाही? कोणती एक गोष्ट जास्तीत जास्त किंवा कमीत कमी हवी? आणि काय बदलायची आपल्याला मोकळीक आहे? यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची लोक फार गल्लत करतात. घरात मुलीचे स्थळ बघताना वडीलधाऱ्यांना हा फरक बरोबर कळतो. मुलगा निर्व्यसनी हवा, ही अट. त्यात तडजोड नाही. पगार जितका अधिक तितका बरा, ही इच्छा. पगाराच्या मोठ्या आकड्याने व्यसन भरून निघत नाही. पदार्थांचेही तसेच. आधी अटींची चाळणी लावायची, जे खाली पडतील त्यांना विसरायचे, आणि मगच उरलेल्यांत निर्देशांकाने क्रम लावायचा.

आमच्या बागेच्या कडेने तार गेली होती. माणूस ती काठी उघड्या हातांनी धरणार होता. तेव्हा 'काठीतून वीज वाहता कामा नये' ही पहिली अट होती. ही अट लिहिली असती तर पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम चाळणीतच अडकले असते. वर्गमुळापर्यंत जायचीही गरज नव्हती. मी ताठपणा मोजला, पण माणूस मोजला नाही. वीज गेली होती हा नशिबाचा भाग. नशीब कुठल्याही आलेखावर नसते.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी. वाळलेला बांबू वीज सहजी वाहू देत नाही हे खरे. पण ओला, हिरवा किंवा दवाने भिजलेला बांबू हा भरवशाचा सोबती नव्हे. तारेजवळच्या झाडावर काठी कसलीही असली तरी आधी वीज बंद करून घ्यावी, हाच शहाणपणा. आणि बांबूचे इतर दोषही नकाशात दिसत नाहीत. कीड लागते, उन्हाने चिरतो, सांधायला अवघड, दोन बांबू सारखे निघत नाहीत. मी तरुणपणी जे दोष दाखवले होते ते खोटे नव्हते. ते त्या कामाच्या मानाने लहान होते, एवढेच.

या मे महिन्यात माझी नात गावी आली होती. मुंबईला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅशबींचे ते आलेख आता संगणकावर आले आहेत. त्यांनी आणि डेव्हिड सेबन यांनी त्यासाठी १९९४ साली कंपनीच काढली होती. आम्ही स्टुलावर बसून पट्टी सरकवायचो, ही पोरगी ओटीवर बसून बोटाने रेघ सरकवते. चार दिवस तिने आंब्याची उतरण पाहिली. आताचा गडी त्या जुन्या गड्याचा नातू. बांबू तसाच, झेला थोडा सुधारलेला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, बांबूपेक्षा चांगलं सापडलं मला. कार्बन फायबर. निर्देशांक बांबूहूनही वर. किडत नाही, चिरत नाही. महाग आहे, पण वीस वर्षं टिकेल."

मी तिच्याकडे पाहिले. अगदी १९७८ सालचा मीच समोर बसलो होतो. फक्त हिशेब तिचा बरोबर होता.

मी म्हटले, "चल, टॉवेल वाळत घालू." आणि पडवीत नेऊन तिला पाईपची गोष्ट सांगितली, जशी आज तुम्हांला सांगितली. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "कार्बन फायबरमधून वीज जाते, आजोबा."

"जाते," मी म्हटले.

ती काही वेळ गप्प होती. मग आत गेली, वही घेऊन आली आणि पडवीच्या पायरीवर बसून नवीन पानावर तिने आधी अटी लिहायला घेतल्या. पहिली ओळ लिहून झाल्यावर तिने विचारले, "हाताशी काचतंतूचा तुकडा आणि वर बांबू, असं केलं तर? विजेच्या तारांवर काम करणारे काचतंतूच्याच काठ्या वापरतात ना? वजन किती वाढेल ते काढते."

तिचा हिशेब अजून चालू आहे. काठी झाली तर पुढच्या वर्षी कळवीन. तोवर आमची धोतरे-टॉवेल त्या पाईपवर वाळताहेत. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो तसूभर वाकलेला नाही. त्याला योग्य काम काकांनी त्याच दिवशी संध्याकाळी दिले होते.